चष्मा लावला की काढून फेकते? ती तो नेमका कधी काढते ते आधी बघा

माझ्या लेकीला सव्वादोन वर्षांची असताना चष्मा लागला. उजव्या डोळ्याला +५.५, डाव्याला +६. चित्रांचं पुस्तक किंवा ताटातला घास जवळून बघताना तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. आधी आम्हाला तो फोटोत दिसला, मग रोज जेवताना दिसायला लागला, म्हणून डोळ्यांचा दवाखाना गाठला. नंबर निघाला, चष्मा आला, आणि पुढचे तीन आठवडे तो तिच्या नाकावर सलग दोन मिनिटंही टिकला नाही. कधी सोफ्याखाली, कधी तांदळाच्या डब्यात, एकदा गॅलरीतून थेट खाली.

ज्याला त्याला विचारलं, उत्तर एकच: "हट्टी आहे, होईल सवय." डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर चष्मा डोळ्यांवर हवा. या वयात मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र येत राहिलं, किंवा डोळा वळलेलाच राहिला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं अवघड होत जातं. त्यामुळे "मोठी झाली की घालेल" म्हणून सोडून देता येत नव्हतं.

शेवटी मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला लागले. चष्मा किती वाजता काढला, कुठे, काय करत होती, आणि काढायच्या आधी हात कुठे गेला. पाच-सहा दिवसांतच दिसलं की ती उगाच काढत नाहीये. दर वेळी काहीतरी कारण होतं, फक्त ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: धाक, आमिष, नवीन फ्रेम यातलं काहीही करायच्या आधी चार दिवस अशी नोंद ठेवा. काढायच्या वेळेवरून कारण सापडतं.

लावल्या लावल्या, दर वेळी काढते

इथे बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक तर टोचतंय, नाहीतर धूसर दिसतंय.

टोचण्याचं आधी सांगते. पहिला चष्मा घेताना दुकानदार म्हणाले, "वाढतं अंग आहे ताई, जरा मोठीच फ्रेम घ्या, दोन वर्षं बघायला नको." मला ते पटलंही. फ्रॉक, चपला, स्वेटर, सगळं आपण वाढत्या अंगाचंच घेतो. चष्म्याला हा हिशोब चालत नाही. दोन वर्षांच्या मुलाचं नाक वरच्या बाजूला जवळजवळ सपाट असतं आणि गाल भरलेले असतात. मोठी फ्रेम गालांवर टेकते, हसलं की वर उचलली जाते, खाली बघितलं की घसरते. माझी लेक काचेच्या वरूनच बघायची, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखा.

बसवणूक घरच्या घरी तपासता येते. मूल समोर बघत असताना डोळ्याची बाहुली काचेच्या मध्यावर किंवा किंचित वर हवी. पापण्यांचे केस काचेला लागता कामा नयेत. फ्रेमची रुंदी चेहऱ्याएवढीच हवी. काडी कानशिलाला न दाबता सरळ कानापर्यंत जायला हवी आणि बरोबर कानाच्या वरच्या टोकाशी वळायला हवी. वळण आधीच आलं तर ती कानामागे रुतते, उशिरा आलं तर चष्मा घसरतो. काढल्यावर नाकावर हलका गुलाबी वण दिसतो आणि थोड्या वेळात जातो, त्याची काळजी नको. तासाभरानेही तो तसाच असेल, कातडी सोलवटली असेल किंवा वण एकाच बाजूला असेल, तर चष्मा वाकडा बसलाय.

दुसऱ्या दुकानात एक वयस्क काका होते. त्यांनी लेकीला काउंटरवर बसवलं, तिच्या हातात रिकामी डबी दिली आणि आधी नुसतं बघत राहिले, समोरून, बाजूने, मग डोक्याच्या वरून. कानामागे बोट फिरवलं. उजव्या कानामागे लाल रेघ होती. मी रोज तेल लावते, वेणी घालते, आणि मला ती दिसली नव्हती. काकांनी काडी गरम हवेच्या मशीनवर धरली, अंगठ्याने वळण मागे सरकवलं, गार होऊ दिली, लावून बघितली, पुन्हा काढली. असं तीनदा. चौथ्यांदा लावल्यावर लेकीचा हात कानाकडे गेला नाही. आमची ती फ्रेम शेवटी बदलावीच लागली, पण बसवणूक म्हणजे काय हे मी त्या दहा मिनिटांत शिकले.

लहानांसाठी घेताना नाकावर मऊ सिलिकॉन असलेली, वाकवली तर न मोडणारी फ्रेम बघा. काच पॉलिकार्बोनेटचीच हवी, ती हलकी असते आणि आपटली तरी तिचे तुकडे डोळ्यात जात नाहीत. खरी काच या वयात कधीच नको. डोक्यामागून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा बऱ्याच मुलांना उपयोगी पडतो. तो घट्ट नसावा, आणि झोपेत किंवा लक्ष नसताना अंगावर ठेवू नये.

मोठ्या फ्रेमचा आणखी एक घोटाळा डोळ्यांना दिसत नाही. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर यायला हवा. माझ्या लेकीच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ४६ मिलिमीटर, आणि पहिल्या चष्म्यात दोन मध्यांमधलं अंतर ५४ निघालं. म्हणजे दर डोळ्याला ४ मिलिमीटरची चूक. बारीक नंबराला एवढ्याने फार फरक पडत नाही. मोठ्या नंबराला पडतो, कारण मध्य सोडून बघितलं की भिंग प्रिझमसारखं वागतं, म्हणजे चित्र बाजूला सरकवतं. हिशोब सोपा आहे: चूक सेंटिमीटरमध्ये घ्यायची आणि नंबराने गुणायची. ०.४ गुणिले ६, म्हणजे त्या डोळ्यासमोर २.४ प्रिझम, न मागता. तेव्हा चष्मा घरी आणायच्या आधी दुकानात मशीनवर नंबर आणि मध्य दोन्ही तपासून मागा, किंवा चष्मा घेऊन दवाखान्यात जा. यात संकोच करू नका.

आता धूसर दिसण्याचं. हे कळायला मला जास्त वेळ लागला, आणि प्लस नंबरच्या मुलांच्या घरी हे माहीत असणं फार गरजेचं आहे. आपल्याला वाटतं, चष्मा लावला की मुलाला लख्ख दिसेल. प्लस नंबरचं मूल तोवर डोळ्याच्या आतल्या स्नायूवर जोर देऊन, डोळ्यातलं भिंग फुगवून बघत आलेलं असतं. त्या जोरासोबत दोन्ही डोळे आत वळण्याचीही ओढ असते, म्हणून तर डोळा नाकाकडे जातो. चष्मा लावला तरी तो स्नायू लगेच सैल पडत नाही. मग चष्म्याचा जोर आणि स्नायूचा जोर एकदम लागतो, आणि लांबचं धूसर होतं. काढला की पुन्हा स्पष्ट. त्या लेकरानं का म्हणून घालावा?

याची खूण अशी की हात कानाकडे-नाकाकडे जात नाही, वण नसतो, आणि मूल लांब बघायच्या वेळीच चष्मा काढतं किंवा फ्रेमच्या वरून बघतं. जवळचं बघताना मात्र थोडा वेळ टिकवतं. माझ्या कालनिर्णयवर हेच दिसत होतं. गॅलरी, अंगण, बाग इथे लगेच काढलेला, आणि मांडीवर पुस्तक घेऊन बसली की पाच मिनिटं टिकलेला.

मग मी जवळच्या कामापासून सुरुवात केली. सासूबाई दुपारी तांदूळ निवडायला बसल्या की तेव्हाच चष्मा लावायचा, त्यांच्या शेजारी बसवायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा. ती कंटाळायच्या आत मीच काढून ठेवायचे. आधी ती ताटातून नुसती मूठ भरून घ्यायची. अकराव्या दिवशी तिने चिमटीत एक काळा खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि आजीच्या तळहातावर ठेवला. सासूबाई तोवर चष्म्याच्या विरोधात होत्या. त्या दिवसापासून दुपारचा चष्मा त्याच आठवणीने लावायला लागल्या.

दोन-तीन आठवडे असे प्रयत्न करूनही मूल वरूनच बघत असेल तर डॉक्टरांना सांगा. काही मुलांना ते थोडे दिवस डोळ्यात घालायचं ॲट्रोपिन नावाचं औषध देतात, म्हणजे तो स्नायू सैल पडतो आणि चष्म्यातूनच स्पष्ट दिसायला लागतं. आमच्या लेकीला ते दिलं आणि फरक पडला. नंबर काढायच्या आधी तीन दिवस घालतात तेच हे औषध, पण उरलेली ट्यूब घरात आहे म्हणून आपल्या मनाने वापरायची नाही. या औषधाने अंग लाल होणं, ताप येणं, तोंड कोरडं पडणं असं काही झालं तर थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावं लागतं. एक गोष्ट मला उशिरा कळली. तपासणीच्या वेळच्या ॲट्रोपिनचा असर आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही राहतो, आणि चष्मा त्या दिवसांतच आला तर मूल तो सहज स्वीकारण्याची शक्यता जास्त. आम्ही फ्रेमचा रंग निवडण्यात आणि लग्नाला जाऊन येण्यात ते दिवस घालवले. तुमची तपासणी व्हायची असेल तर चष्मा लगेच करून घ्या.

ज्या मुलांना मोठा मायनस नंबर आहे किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना फरक तिथल्या तिथे दिसतो, त्यामुळे ती बहुतेक पटकन रुळतात. त्यांनी काढला तर आधी बसवणूक बघा. एकाच डोळ्याला नंबर असलेल्या मुलांचं उलटं असतं. चांगल्या डोळ्याने त्यांचं सगळं भागत असतं, चष्म्याने त्यांना नवीन काहीच मिळत नाही. तिथे मुलाकडून ओढीची अपेक्षा न ठेवता चष्मा हा कपड्यांसारखा रोजचा भागच करावा लागतो.

अर्धा-पाऊण तास राहतो, मग काढते

लावताना ठीक, मग नको. असं असेल तर काच बघा. मूल नव्हे, काच. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हेच व्हायचं. घामाने चष्मा घसरतो, ती बोटाने वर ढकलते, बोटाचा डाग काचेवर पडतो. त्यात कपाळाचं तेल आणि डोळ्यातलं काजळ. पापणीचं काजळ काचेच्या आतल्या बाजूला लागतं आणि तिथे मळकट ढग तयार होतो. काजळ मी बंदच केलं, डॉक्टरांनीही लहान मुलांच्या डोळ्यात घालू नका असंच सांगितलं होतं. तीट हवी तर कानामागे नको, तळपायाला लावा, म्हणजे काडीला लागत नाही. तेल-मालिश रात्री, चष्मा उतरल्यावर.

पुसताना पदराने किंवा ओढणीने कोरडं घासू नका, धुळीच्या कणांनी चरे पडतात आणि प्लॅस्टिकच्या काचेवर ते लवकर पडतात. नळाखाली धरा, साबणाच्या पाण्याचं एक बोट फिरवा, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. सकाळी एकदा, दुपारी झोपून उठल्यावर एकदा.

ठराविक ठिकाणीच काढते

गाडीत, झोळीत, कडेवर, दूध पिताना. डोकं एका बाजूने टेकलं की काडी कानशिलात घुसते आणि चष्मा तिरका होतो. कडेवर घेताना तिचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं तेव्हा आमचं निम्मं काम झालं. आडवी होऊन दूध पिताना मी काढूनच ठेवायचे, उठली की परत. गाडीत मागे टेकायला जागा असेल आणि चष्म्याच्या पट्ट्याचं बक्कल डोक्यामागे येत असेल तर तेही बोचतं.

बालवाडीत काढत असेल तर बाईंना जाऊन भेटा आणि लावून दाखवा. दोन्ही हातांनी, दोन्ही काड्या धरून, समोरून. एका हाताने ओढून काढला की फ्रेम वाकडी होते, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा टोचायला लागतो.

ठराविक माणसांपुढेच काढते

ही नोंद वाचून मलाच वाईट वाटलं, कारण ती माणसं आम्हीच होतो. तिने चष्मा काढला की मी ओरडायचे, सासूबाई धावायच्या, नवरा हातातलं काम टाकून शोधायला लागायचा. दोन वर्षांच्या मुलाला सगळं घर एका बोटावर हलवण्याची याहून सोपी युक्ती कुठे मिळणार. आम्ही ठरवलं की कुणीही चेहरा बदलायचा नाही, बोलायचं नाही. चष्मा उचलायचा, डबीत ठेवायचा, पाच मिनिटांनी तिच्या आवडीचं काही सुरू करताना शांतपणे परत लावायचा. कधी दिवसातून वीस वेळा. मागे लागून, हात धरून लावू नका. एकदा झटापट झाली की डबी बघूनच मूल रडायला लागतं, आणि मग खरं कारण काय होतं ते ओळखूच येत नाही.

आणि तिच्यासमोर चष्म्याबद्दल हळहळू नका. "एवढ्याशा पोरीला चष्मा", "मुलीची जात, पुढे कसं व्हायचं" असं आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने म्हटलं. दोन वर्षांच्या मुलीला वाक्य कळत नसेल, सूर कळतो. मी दारातच सांगायला लागले की तिच्यापुढे हा विषय नको. गाजर खायला द्या असंही सांगतात. गाजर जरूर द्या, त्यातून अ जीवनसत्त्व मिळतं, पण डोळ्याच्या आकारामुळे आलेला नंबर त्याने जात नाही. मध, गुलाबपाणी, एरंडेल डोळ्यात काहीही घालू देऊ नका.

छान घालत होती, अचानक नको म्हणते

याकडे दुर्लक्ष करू नका. फ्रेम वाकली असेल, काचेवर चरा असेल, चेहरा वाढून फ्रेम आवळत असेल, डोळे आले असतील. नवीन काच घातल्यावर सुरू झालं असेल तर डावी-उजवी काच बदलली गेली नाही ना, हे तपासून घ्या. यातलं काही नसेल तर नंबर बदललेला असू शकतो. लहानांची तपासणी साधारण तीन-चार महिन्यांनी होतेच, पण त्या तारखेची वाट बघू नका.

आमच्याकडे अशा वेळी आणखी एक भीती निर्माण झाली. चष्मा नीट घालायला लागून महिना झाला आणि चष्मा काढल्यावर तिचा डोळा आधीपेक्षा जास्त तिरका दिसायला लागला. घरात सगळे म्हणाले, चष्म्यानेच बिघडलं, बंद करा. मीही दोन दिवस बंद ठेवला होता, त्याची आजही हळहळ वाटते. डॉक्टरांनी समजावलं की चष्म्यातून आरामात स्पष्ट बघायची तिला सवय झालीय. तो काढला की तेवढंच स्पष्ट बघायला ती स्नायूवर पूर्ण जोर देते आणि डोळा वळतो. चष्म्यात डोळा सरळ राहतोय का, तेवढंच बघा. चष्मा घालूनही वळत असेल तर लगेच दाखवा. फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नका, मग चष्मा असो वा नसो.

जावेच्या मुलाचा आळशी डोळा गावच्या अंगणवाडीत सापडला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, २०१३ मध्ये पालघरपासून हा कार्यक्रम सुरू झाला. तिथून त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांनी अंगणवाडीताईंना नक्की विचारा. आळशी डोळ्याला काम करावं लागावं म्हणून त्याला चष्म्यासोबत चांगल्या डोळ्यावर पट्टी होती. पट्टी काचेवर चिकटवू नका, मूल कडेने बघतं. ती चष्म्याखाली, कातडीवर लावायची. किती तास ते डॉक्टरच ठरवतात. मध्यम आळशी डोळ्याला दिवसाचे दोन तास सहा तासांइतकेच उपयोगी पडले, असं अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, त्यामुळे दोनच तास सांगितले म्हणून कमी पडेल असं वाटून घेऊ नका. फक्त ते दोन तास पूर्ण व्हायला हवेत.

जमलं तर दुसरा चष्मा करून ठेवा. मोडला म्हणून आठवडाभर चष्मा नाही, असं झालं की सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.

लेक आता साडेतीनची आहे. गेल्या महिन्यात सकाळी दात घासून झाल्यावर ती चष्मा हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. मी म्हटलं, "का काढलास गं?" तिने डोकं वळवलं, उजवा कान बोटाने पुढे दुमडला आणि म्हणाली, "आई, इकडं टोचतंय." मी बघितलं, बारीक लाल रेघ होती. संध्याकाळी आम्ही त्या काकांच्या दुकानात गेलो, आणि काउंटरवर बसल्या बसल्या तिने तेच वाक्य त्यांनाही सांगितलं.